परवलीचा शब्द

चिकपेटच्या एका बोळात माझ्या आजोबांचं साड्यांचं दुकान होतं. तिथल्या प्रत्येक साडीच्या घडीत एक लहानशी चिठ्ठी असे आणि तिच्यावर तीन-चार अक्षरं. गिऱ्हाइकाला ती विणकराची खूण वाटे. प्रत्यक्षात ती त्या साडीची खरेदीची किंमत असे. दहा वेगवेगळ्या अक्षरांचे दोन शब्द ठरलेले होते. त्यातलं पहिलं अक्षर म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन, असं करत दहावं म्हणजे शून्य. घासाघीस चालू असताना गुमास्त्याने चिठ्ठीकडे नुसती नजर टाकली की भाव कुठवर उतरवायचा ते त्याला कळे. ही युक्ती आमच्या एकट्याच्या दुकानाची नव्हती. कापडबाजारात ती सर्रास चालते. फक्त प्रत्येक दुकानाची अक्षरं वेगळी.

आजोबांनी ती अक्षरं अप्पांना दहावीनंतर सांगितली. मला कोणी सांगितलीच नाहीत. तरी मला ती सातव्या वर्षी पाठ होती, कारण गल्ल्यामागच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने, ती खडूने लिहिलेली होती. लिहिली होती आजीने. दिवाळीच्या गर्दीत दुकानात हंगामी पोरं कामाला घेत. ती अक्षरं विसरत, आणि विसरली की दर साडीमागे आजोबांना हाका मारत. एका दिवाळीत वैतागून आजीने खडू उचलला. आजोबा रागावले, दोन दिवस बोलले नाहीत, पण त्यांनीही ते पुसलं नाही.

मी अनुवादक आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली. तेव्हापासून गुपितं कशी फुटतात याचा इतिहास मी मिळेल तिथून वाचते आहे. त्यातला बराचसा इतिहास याच गावाशी, याच पेठेशी येऊन भिडतो, हे वाचताना लक्षात आलं. माझी चूक मी शेवटी सांगणार आहे. आधी सांगितली तर ती फारच लहान वाटेल, आणि ती तशी नाही.

सुरुवात शब्दापासून करते, कारण माझा धंदा तो आहे. कन्नडात पासवर्डला ‘गुप्तपद’ असा एक सरळ शब्द आहे. मराठीत ‘संकेतशब्द’ आहे, पण त्याच्याआधीचा आणि जास्त जिवंत शब्द म्हणजे ‘परवलीचा शब्द’. यातलं ‘परवल’ अस्सल देशी वाटतं, पण ते इंग्रजी लष्करातल्या ‘पॅरोल’चं मराठी रूप मानलं जातं. छावणीचा अधिकारी रोज एक शब्द ठरवी. रात्री पहाऱ्यावरच्या शिपायाने हटकलं की तो शब्द सांगायचा. सांगता आला तर आपला, नाही तर परका. दुसऱ्या दिवशी तो शब्द मेलेला असे आणि नवा आलेला असे.

गंमत अशी, की आजच्या मराठीत ‘परवलीचा शब्द’ याचा अर्थ नेमका उलटा झाला आहे. ‘विकास हा सध्या परवलीचा शब्द आहे’ असं आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा जो तो ज्याचा उच्चार करतो असा शब्द आपल्याला अभिप्रेत असतो. मोजक्यांनाच ठाऊक असावा म्हणून निर्माण झालेला शब्द सगळ्यांच्या तोंडी जाऊन बसला. हा बदल कुणी ठरवून केला नाही. तोंडातोंडी फिरणाऱ्या गुपिताचं पुढे काय होतं, ते भाषेने आपल्या परीने नोंदवून ठेवलं, एवढंच.

आता पेठ. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेल्या बेंगळूरूची ही मूळ पेठ. दोड्डपेटे म्हणजे मोठी पेठ, तिचा आज अॅव्हेन्यू रोड झाला आहे. चिक्कपेटे म्हणजे लहान पेठ, तिचं नाव टिकलं. सतराव्या शतकात हे गाव शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. १७९१ मध्ये ते टिपू सुलतानाकडे होतं आणि त्याच्याविरुद्ध तिघांची आघाडी उभी होती : ईस्ट इंडिया कंपनी, निजाम आणि पेशवे. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस स्वतः फौज घेऊन आला. ७ मार्च १७९१ रोजी पेठ पडली आणि २१ मार्चच्या रात्री किल्ला. जिथून हल्ला आत घुसला तिथे आज एक दगडी पाटी आहे. कृष्णराजेंद्र मार्केटच्या गोंगाटात ती फारसं कुणी वाचत नाही. मधले दोन आठवडे पेठ कंपनीच्या ताब्यात होती. आमच्या दुकानाच्या आसपासच कुठेतरी रात्रीच्या पहारेकऱ्याने ‘परवल सांग’ असं दरडावलं असेल, असा विचार माझ्या मनात येतो. पण तो माझा तर्क आहे. पुढचं जे आहे ते नोंदलेलं आहे.

मे महिन्यात कॉर्नवॉलिस बेंगळूरूहून श्रीरंगपट्टणवर चालून गेला. मराठ्यांची फौज हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या हाताखाली उत्तरेकडून येत होती. दोन्ही फौजांची गाठ पडली असती तर मोहीम तिथेच संपली असती. पण कॉर्नवॉलिसला मराठे कुठवर आले आहेत याचा पत्ता नव्हता. तोफा ओढणारे बैल पटापट मरत होते, धान्य संपत आलं होतं, पाऊस लागला होता. २२ मेच्या सुमारास त्याने वेढ्यासाठी इतक्या कष्टाने आणलेल्या जड तोफा स्वतःच्या हाताने निकामी केल्या आणि माघार घेतली. माघारीच्या वाटेवर, काही दिवसांतच, समोर घोडेस्वारांचा एक जमाव दिसला. शत्रूच आला असं समजून कंपनीचे लोक लढाईच्या तयारीला लागले. ते मराठे होते.

मराठ्यांनी कळवलं नव्हतं का? कळवलं होतं. त्यांच्याबरोबर मुंबईकडची कॅप्टन लिटलची पलटण होती, तिच्याकडूनही पत्रं निघाली होती. पण टिपूच्या घोडेस्वार टेहळ्यांनी वाटा अशा आवळून धरल्या होत्या, की कॉर्नवॉलिसपर्यंत एकही पत्र पोचलं नाही. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात धान्याच्या राशी होत्या. उपाशी इंग्रज सैन्याने ते धान्य चढ्या भावाने विकत घेतलं. तोफा मात्र गेल्या त्या गेल्या. श्रीरंगपट्टणला वेढा पडायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं.

या गोष्टीत कुणी सांकेतिक लिपी उलगडली नाही, कुणी मोहोर बनावट केली नाही. पत्र कितीही बेमालूम लिहिलेलं असलं तरी ते एका माणसाच्या पागोट्यात किंवा जोड्यात असतं आणि त्या माणसाला रस्त्यावरून जावं लागतं. टिपूने रस्ता धरला. गुपिताच्या राखणीत माणूस ही कच्ची जागा असते, हे त्याच्याइतकं त्या काळात फार थोड्यांना कळलं होतं.

म्हणूनच सात वर्षांनी त्याचं स्वतःचं गुपित ज्या तऱ्हेने फुटलं, ते वाचताना वाईट वाटतं.

१७९७ मध्ये एक फ्रेंच जहाज मोडक्या अवस्थेत मंगळूरच्या किनाऱ्याला लागलं. त्याचा कप्तान फ्रांस्वा रिपो हा खाजगी लुटारू जहाजांवरचा माणूस. मॉरिशसमध्ये, म्हणजे तेव्हाच्या ‘इल द फ्रान्स’मध्ये, आपण मोठे अधिकारी आहोत आणि तिथे टिपूच्या मदतीसाठी फ्रेंचांची मोठी फौज तयार आहे, असं त्याने सांगितलं. फौज नव्हती आणि तो अधिकारीही नव्हता. पण १७९२ च्या तहाने टिपूचं निम्मं राज्य गेलं होतं, दोन मुलं ओलीस द्यावी लागली होती, दंड भरावा लागला होता. जे ऐकायची त्याला आस होती तेच रिपो बोलत होता. आजही बँकेतून बोलतोय असं सांगणाऱ्याच्या फोनला आपण फसतो ते याच कारणाने. तो आपल्या भीतीची किंवा आशेची नेमकी जागा धरून बोलतो.

टिपूने आपले वकील गुप्तपणे मॉरिशसला धाडले. ते जानेवारी १७९८ मध्ये पोचले. तिथला गव्हर्नर मालार्तिक पेचात पडला. त्याच्यापाशी द्यायला फौजच नव्हती. पण आलेल्या मित्राला रिकाम्या हाती परत पाठवायचं कसं? मग त्याने त्याला सुचला तो उपाय केला. ३० जानेवारी १७९८ रोजी त्याने जाहीरनामा काढला : टिपू सुलतान फ्रेंचांशी मैत्रीचा तह करू इच्छितो, इंग्रजांना हिंदुस्थानातून घालवण्यासाठी तो फ्रेंचांच्या मदतीची वाट पाहतो आहे, ज्यांना त्याच्या चाकरीत जायचं असेल त्यांनी नावं द्यावीत. जे गुप्त ठेवायचं होतं ते सगळं कलमवार, छापील, चार लोक वाचतील अशा जागी लागलं. या जाहिरातीवर जमलेले स्वयंसेवक शंभरसुद्धा भरले नाहीत.

जूनमध्ये तो मजकूर कलकत्त्याच्या एका वर्तमानपत्रात छापून आला. नवा गव्हर्नर जनरल वेलस्ली मे महिन्यातच तिथे दाखल झाला होता. जाहीरनामा खरा असेल यावर त्याचा आधी विश्वासच बसेना. इतकं मोठं राजकारण कुणी असं उघड्यावर मांडेल हे त्याला पटेना. त्याने खातरजमा करवून घेतली. वेलस्लीला युद्ध हवंच होतं, असं अनेक इतिहासकार म्हणतात, आणि ते बरोबर असावं. पण युद्धाचं कारण त्याच्या हातात आयतं येऊन पडलं. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपू लढता लढता मारला गेला. राजवाड्यातली कागदपत्रं विजेत्यांच्या हाती लागली. त्याच्या निवडक पत्रांचा विल्यम कर्कपॅट्रिकने केलेला इंग्रजी अनुवाद १८११ मध्ये प्रसिद्ध झाला. कुलूप फुटल्यावर आत शिरणाऱ्यांत आमच्या धंद्यातला माणूस असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा टोचलं.

मालार्तिकला मूर्ख म्हणणं सोपं आहे. माझा मुक्काम मात्र त्याच्या अडचणीपाशी होतो. तो फितूर नव्हता. त्याच्यावर एक काम आलं होतं आणि ते काम करायची साधनं त्याला कुणी दिली नव्हती. म्हणून त्याने गुपित भिंतीवर लावलं. आमच्या आजीनेही काही वेगळं केलं नव्हतं.

यानंतरची भिंत मला सुमारे १७० वर्षांनी सापडली, अमेरिकेत, एमआयटी या विद्यापीठात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे फर्नांडो कॉर्बाटो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अनेकांना एकाच वेळी वापरता येईल असा संगणक उभा केला. प्रत्येकाची कामं वेगळी राहावीत म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला. संगणकावरच्या पासवर्डची कहाणी बहुतेक जण इथूनच सुरू करतात. १९६६ मध्ये एका दुपारी भलतंच घडलं. संगणक सुरू करणाऱ्या प्रत्येकाला रोज एक सूचना दिसे, आपल्या फळ्यावरच्या सुविचारासारखी. त्या दिवशी सूचनेच्या जागी सगळ्या वापरकर्त्यांच्या पासवर्डांची अख्खी यादी छापून येऊ लागली.

याचं कारण कॉर्बाटोने पुढे ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितलं. मुळात नियम असा केला होता, की एका खात्यात एका वेळी एकानेच काम करायचं. पण व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींना ते गैरसोयीचं होऊ लागलं. एकाच खात्यावर अनेकांना काम करायचं होतं, थांबायला वेळ नव्हता. त्यांनी तो नियम सैल केला. संपादनाच्या प्रोग्रॅमने तयार केलेल्या तात्पुरत्या फायलीचं नाव मात्र नेहमी एकच असे, कारण तिथे दोघं एकदम येतील हे कुणी धरलंच नव्हतं. त्या दुपारी एक जण सूचना दुरुस्त करत होता आणि दुसरा पासवर्डची यादी. दोन्ही फायलींची अदलाबदल झाली. चोर कुणीच नव्हता. सगळे घरचेच होते, सगळे कामात होते.

तिसरी भिंत आपल्याकडची आहे. ऑगस्ट २००७ मध्ये डॅन एगरस्टाड या स्वीडिश तरुणाने इंटरनेटवर १०० ई-मेल खाती त्यांच्या पासवर्डसकट जाहीर केली. त्यात अनेक देशांच्या वकिलाती होत्या. भारताच्या वकिलाती होत्या, संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेचं, म्हणजे डीआरडीओचं नाव होतं, आणि पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचंही होतं. डीआरडीओच्या कितीतरी प्रयोगशाळा बेंगळूरूत आहेत. इथल्या अनेक मराठी घरांतून सकाळी डबे घेऊन माणसं तिकडे जातात.

त्याने कुणाचंही कुलूप तोडलं नव्हतं. ‘टोर’ नावाची एक व्यवस्था आहे. तिच्यातून निरोप पाठवला तर तो कुठून निघाला हे कळत नाही, कारण तो अनेक ठाण्यांवरून फिरून जातो. एगरस्टाडने अशा वाटांच्या शेवटी आपली स्वतःची पाच ठाणी मांडली आणि बाहेर पडणारं नुसतं वाचलं. पाठवणारा कोण हे झाकलेलं होतं, मजकूर मात्र उघडाच होता. तोंड झाकून पोस्टकार्ड टाकायला गेल्यासारखं ते होतं. ती खाती त्या वेळी खुद्द अधिकारी वापरत होते, की त्यांचे पासवर्ड आधीच पळवलेला दुसराच कुणी, हा प्रश्नही पुढे निघाला. एगरस्टाडला स्वतःला दुसरी शक्यता जास्त वाटत होती. म्हणजे भिंतीवर यादी लागायच्या आधीपासून कुणीतरी ती शांतपणे वाचत बसलं होतं. नोव्हेंबरमध्ये स्वीडिश पोलिसांनी एगरस्टाडच्या घरावर छापा घातला.

अशा प्रत्येक घटनेनंतर नियम वाढतात. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, आणि दर ९० दिवसांनी तो बदला, हे आपण सगळ्यांनी भोगलं आहे. या रिवाजाचं एक मूळ बिल बर या अमेरिकन तज्ज्ञाने २००३ मध्ये तिथल्या सरकारी मानक संस्थेसाठी लिहिलेल्या एका दस्तऐवजात आहे. २०१७ मध्ये त्या संस्थेने मार्गदर्शन बदललं. ठरावीक काळाने सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नका, चिन्हांच्या सक्तीपेक्षा लांबी बघा, असं ती सांगू लागली. त्याच वर्षी, निवृत्त झालेल्या बरने आपण तेव्हा लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो असं जाहीरपणे सांगितलं. माणसं पासवर्ड बदलत नाहीत, ती शेवटचा आकडा एकने वाढवतात. ज्यांना तेही जमत नाही ती चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवतात.

छावणीतली परवल इतकं मागत नव्हती. एक शब्द, एक रात्र, तोंडी दिलेला, सकाळी विसरून जायचा. शिपायाच्या डोक्यात मावेल एवढंच ओझं त्याच्यावर टाकलेलं होतं. आज एका कारकुनाला दहा-बारा ठिकाणचे दहा-बारा शब्द लक्षात ठेवावे लागतात, वर सांगितलेलं असतं की लिहायचं नाही.

आता माझी गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका सरकारी कार्यालयाने मला काम दिलं. सीमाभागातून आलेले, उपचारासाठी मदत मागणारे मराठी अर्ज कन्नडात आणायचे होते. अर्ज संगणकावर होते. मला स्वतःचं खातं मिळायचं होतं. अर्ज केला, सही झाली, फाईल कुठेतरी अडकली. तीन आठवडे गेले. तिथे एक वयस्कर कारकून होते, निवृत्तीला चौदा महिने उरलेले. मी त्यांना फोन केला आणि म्हटलं, ‘सर, तेवढा तुमचा पासवर्ड द्या, मी आज-उद्यात संपवते.’ ते क्षणभर थांबले. मग त्यांनी एकेक अक्षर सावकाश सांगितलं. मुलीचं नाव होतं आणि पुढे एक आकडा.

त्या दिवशी घरात वीज नव्हती. मी अॅव्हेन्यू रोडवरच्या एका टायपिंग सेंटरमध्ये जाऊन बसले, त्यांच्या संगणकावर खातं उघडलं. ‘पासवर्ड लक्षात ठेवू का?’ असं संगणकाने विचारलं. मी ‘हो’ दाबलं. का दाबलं? दुसऱ्या दिवशी परत यायचं होतं, पुन्हा टाइप करायचा कंटाळा होता. दुसरं काहीही कारण नव्हतं.

दोन महिन्यांनी काही अर्जदारांना फोन येऊ लागले. फोन करणाऱ्याला त्यांचा आजार माहीत होता, उत्पन्न माहीत होतं, अर्ज कुठल्या टेबलावर आहे तेही माहीत होतं. पैसे दिले तर अर्ज पुढे सरकवतो, असं तो सांगत होता. ज्या बाईने आपलं दुखणं सासरीसुद्धा सांगितलेलं नव्हतं, तिला एक अनोळखी पुरुष फोनवर त्या दुखण्याचं नाव सांगत होता. तिचा अर्ज मीच अनुवादित केला होता. तिने वापरलेला आडवळणाचा शब्द कन्नडात कसा आणावा यासाठी मी अर्धा दिवस घालवला होता.

चौकशी झाली. ते खातं कुणी उघडलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. नोंदीत नाव मात्र एकच होतं, त्या कारकुनांचं. त्यांना कारणे दाखवा नोटीस निघाली, एक वेतनवाढ रोखली गेली. मी साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मॅडम, आयडी कोणाचा होता?’ मी लेखी द्यायची तयारी दाखवली. त्याची गरज नाही, म्हणाले. पुढच्या आठवड्यात माझं स्वतंत्र खातं आलं आणि त्याबरोबर नवं कामही. ते मी नाकारलं नाही. हे लिहायला मला दोन वर्षं लागली, त्याचं कारण हे शेवटचं वाक्य आहे.

त्या कारकुनांना मी भेटायला गेले तेव्हा मनात माफीची वाक्यं जुळवून गेले होते. त्यांनी ती पुरी होऊ दिली नाहीत. म्हणाले, ‘मी नाही म्हटलं असतं तर अर्ज तसेच पडून राहिले असते. ती माणसं आजारी होती, मॅडम.’ मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘तुम्हाला खातं वेळेवर मिळालं असतं, तर तुम्ही माझा शब्द मागितला असता का?’ नसता मागितला. पण ‘हो’ मीच दाबलं होतं, ते मला कुणी दाबायला लावलं नव्हतं. त्यांच्या चुकीला कारण होतं. माझ्या चुकीला फक्त कंटाळा होता. नोंदवहीत या दोन चुकांसाठी वेगवेगळे रकाने नसतात. इतिहास लिहिताना तरी ते असावेत, असं मला वाटतं. गुपित कुणी फोडलं हे आपण लगेच विचारतो. ते भिंतीवर लिहायची वेळ त्याच्यावर का आली, आणि ती वेळ खरोखर आली होती का, हे विचारलं तर मालार्तिक, एमआयटीतली मंडळी, आमची आजी आणि मी एकाच ओळीत उभे राहत नाही.

गेल्या मार्गशीर्षात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. साड्या घ्यायला ते चिकपेटला येणार होते, म्हणून मी त्यांना आमच्याच दुकानात घेऊन गेले. दुकान आता चुलतभाऊ चालवतो. चिठ्ठ्या गेल्या, बारकोड आले. गल्ल्यामागचं कपाट आहे, पण त्याला आतून-बाहेरून नवा रंग दिला आहे. भावाने सवलत किती द्यायची ते बघायला बिलाचा संगणक पुढे ओढला. पडद्याच्या कडेला पिवळी चिठ्ठी होती. तिच्यावर त्याच्या मुलाचं नाव आणि पुढे एक आकडा.

त्यांनी ती वाचली. मीही वाचली. भावाला म्हटलं, ‘अरे, ती काढ आधी.’ तो म्हणाला, ‘ताई, दुपारी बिलिंगला नवीन पोरगा येतो, त्याला आठवत नाही गं.’ मी त्याला त्या पोरासाठी वेगळं खातं कसं उघडायचं ते दाखवलं. जेमतेम दहा मिनिटं लागली. तोवर त्यांनी मुलीसाठी एक आंबा रंगाची साडी बाजूला काढून ठेवली होती.